खाजेची ट्यूब

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी भांडण उकरून काढायला मला सिल्वासातल्या मेडिकलचं काउंटर पुरलं. मी पोटुशी आहे. खाली खाज, आग आणि फाटलेल्या दुधासारखं पांढरं जातंय. मेडिकलवाल्याने एक कॅप्सूल पुढे सरकवली. "एक ही खानी है बेन, सब लेते हैं." सगळे घेतात म्हटलं की मला आधी संशय येतो, हा तुझाच वारसा. पोटात बाळ आहे, चालेल का, विचारलं तर तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "चलेगा ना." मी कॅप्सूल तिथेच ठेवून निघाले.

तू दूध हुंगून घ्यायचीस, भाजीवाल्याच्या काट्याला बोट लावून बघायचीस. पण तू कामाला होतीस त्या गलोंड्याच्या धागा कंपनीत बायकाबायकांत फिरणारी ती ट्यूब मात्र डोळे झाकून घेतलीस. नायटा असो, पायाच्या चिखल्या असोत नाहीतर ‘तिथलं’ असो, सगळ्यांना एकच औषध, खाजेची ट्यूब. कॉलेजात असताना मी दबकत तुला सांगितलं, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "कोनासंगे फिरस तू?" आणि पिठाच्याच हाताने ती ट्यूब दिलीस. ती लावली आणि मी मोरीत उभी राहून रडले. ट्यूबने आग झालीच, पण तुझा प्रश्न जास्त झोंबला. त्याचा राग अजून आहे, सांगून टाकते.

या खेपेला तोच प्रश्न मी नवऱ्यासाठी तोंडात धरून बसले होते. तो फोन पालथा ठेवतो, ओव्हरटाइम आहे म्हणतो. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई नाशिकच्या आहेत, त्यांना मी आडून विचारलं, हे बाहेरून येतं का? त्यांनी तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला आणि हसल्या. "बुरशी आहे गं. ती अंगातच थोडी असते, दिवस गेले की वाढते, साखर वाढली किंवा अँटिबायोटिक घेतलं तरी वाढते. नवऱ्यावर कशाला संशय घेतेस?" तरी साखर तपासायला लावलीच. पोटातून घ्यायची कॅप्सूल गरोदरपणात आपल्या मनाने घ्यायची नाही, म्हणाल्या. आत ठेवायची गोळी दिली. हात धुऊन, झोपताना, बोटाने हलकेच सरकवायची, सोबतची नळी वापरायची नाही, खाज थांबली तरी कोर्स पुरा करायचा. वास आला, रक्त दिसलं, पोटात दुखलं तर लगेच यायचं. आणि ती खाजेची ट्यूब? त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड असतं म्हणे, नाजूक कातडी पातळ करून टाकतं.

मी पाकिटावरचं नाव डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीशी तीनदा पडताळलं, मगच गोळी वापरली. आता बरं आहे. नवऱ्याला काही विचारलं नाही, पण संशयाला नवी वाट फुटली. ती ट्यूब मी सांगायच्या आधीच घरात होती, म्हणजे तू ती स्वतःसाठी आणली होतीस. मग तो प्रश्न तुझ्या तोंडी इतका तयार कसा होता? तुला तो कुणी विचारला होता?

बाबा आता आमच्याकडेच असतात. बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेत. त्यांच्यासाठी चहा ठेवते, हाच प्रश्न तोंडात धरून दारापर्यंत जाते आणि परत येते. मला त्यांची भीती वाटते, आई.