पेजेचा वास

मंगळवार, संध्याकाळ

डॉक्टरांनी ह्यांची भाकर बंद केली, त्याला पंधरा दिवस झाले. पोटातलं अन्न पुढे सरकतच नाही म्हणे. दिवसातून सहा वेळा वाटीभर पेज, बस.

आज हे कपाशीची शेवटची फवारणी आटोपून आले आणि ओट्यापाशीच ओकले. पाणी द्यायच्या आधी मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. असं काऊन केलं मी? सकाळच्या पेजेचाच वास होता, आंबूस. अजून नाकात आहे.

ते समजले. "काय हुंगतं व? पेजच हाये." मग हळूच म्हणाले, "भाकरच नाही त जगू कायले?"

फवारणीच्या औषधाचा डबा मी गोवऱ्यांत लपवला. आत्ता हे विचारून राह्यले, डबा कुठी हाये. उद्या फवारा मारायचा आहे म्हणे.

फवारणी तर आजच संपली.