मांजरी ओलांडून गेल्यावर

मये, डिचोली
१२ जानेवारी २०२५

चि. सेजल हिस मावशीचे भरभरून आशीर्वाद.

तिकडे जपानात बर्फ पडतो म्हणतेस, कानाला बांधत जा. माझे कान गेल्यातच जमा, म्हणून फोनच्या जमान्यात तुला पत्रं लिहायला लावते. तुझ्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना हसवतेस ना, की बोलून बोलून दमवतेस?

आता लिहिते ते देवेशला कळवू नकोस. आईला भ्रम झाला म्हणत तो मला पणजीला नेऊन ठेवील.

गेल्या सोमवारी दुपारी तुझे काका गेले. महिनाभर अंथरुणावर होतेच. शेजारच्या शांतारामाने नाकाशी कापूस धरला, हलला नाही. तो डॉक्टरांना आणायला डिचोलीला धावला. मी भिंतीला टेकून बसले. रडू आलं नाही, हे तुलाच सांगते. एवढ्यात आपली सोळा वर्षांची मांजरी जनेलाच्या गजांमधून आत आली आणि त्यांच्या छातीवरून उडी मारून पलीकडे गेली. त्यांनी डोळे उघडले.

डॉक्टर म्हणाले, श्वास मंद झाला असेल. असेलही. पण मांजरी त्या दिवसापासून दिसली नाही.

ते आता चालतात, बोलत मात्र नाहीत. चहाबरोबरचा उंडो पाव बाजूला सारतात, बांगडा काट्यांसकट खातात. काल समईतलं तेल चाटताना पाहिलं. दुपारी उन्हात माझ्या पायांशी बसतात, डोकं मांडीवर ठेवतात. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याजवळ बसून चहा प्यायला नव्हता. मला भीती वाटते, आणि ते जवळ आले नाहीत तर चुकल्यासारखंही होतं. त्या देशात मांजरांच्या गोष्टी फार, असं तूच लिहिलं होतंस. कुणा जाणत्याला विचार.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी,
कमलाक्षीमावशी


नागानो, जपान
२४ जानेवारी २०२५

ती. मावशीस सेजलचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून देवेशदादाला फोन लावला, आणि वाजायच्या आत बंद केला. तुझा शब्द मोडवला नाही.

आमच्याकडे हानादा नावाच्या एक आजी आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. मी रोज त्यांचे केस विंचरते. तुझी हकीकत सांगितली तर हसतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातला कंगवा काढून घेतला.

अशा मांजराला इकडे बाकेनेको म्हणतात. फार वर्षं जगलेलं मांजर दोन पायांवर चालतं, दिव्याचं तेल चाटतं, माणसाचं रूप घेतं, प्रेत ओलांडलं तर ते उठवतं. म्हणून घरात कुणी गेलं की पूर्वी मांजराला कोंडत आणि प्रेताच्या छातीवर सुरी ठेवत. आजी सात वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. मांजरीला कोंडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना तिचं ओरडणं ऐकवेना. त्यांनी दार उघडलं, आणि आई उठली.

नऊ दिवस ती होती. आजारात आईने त्यांना जवळही येऊ दिलं नव्हतं. ही आई त्यांना कुशीत घेऊन घुरघुरायची, जिभेने केस सारखे करायची. दहाव्या दिवशी वडिलांनी तिला लग्नातली कसलीशी आठवण विचारली. तिला सांगता आली नाही. ती बर्फात निघून गेली. हे सांगताना आजी रडल्या, एक्याऐंशी वर्षांनंतर.

ती तुम्हाला खाईल अशी भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. गोष्टींत मालकिणीला खाते खरी, त्या म्हणाल्या. पण तुझ्या मावशीला सांग, काही विचारू नको. विचारलं की त्यांना राहता येत नाही.

मावशी, मला मात्र भीती वाटते गे. झोपताना खोलीला आतून कडी लाव. रजा मिळाली की येतेच.

आठवणीत ठेव.
तुझी,
सेजल


मये
६ फेब्रुवारी २०२५

चि. सेजल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. मी त्यांना आधीच विचारून बसले होते, रविवारी, दोन तारखेला.

देवेश आला होता. बाबा चालताना पाहून पोराचे डोळे भरले. तो निघाला तेव्हा त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मला राग आला. देवेशच्या आधीची आमची मुलगी बारशाच्या आदल्या दिवशी गेली, हे तुझ्या आईने तुला सांगितलं असेल. नाव आम्ही दोघांनीच ठरवलं होतं. पुढे ते दोघांनीही कधी उच्चारलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि ते नाव विचारलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शोधत होते गे, जीव तोडून शोधत होते. मग माझ्या हाताला एकदा गाल घासला, उठले आणि तळ्याच्या वाटेने गेले. मी हाका मारल्या. त्यांनी ओ दिली असती तरी मला कुठे ऐकू येणार?

तुझं पत्र चार दिवस आधी आलं असतं तर गप्प बसले असते का, ठाऊक नाही.

शांतारामाने माणसं घेऊन तळं धुंडाळलं. काठावर सदरा सापडला, सगळी बटणं लावलेलीच. पोलिसांत गोकुळदास, वय बहात्तर, बेपत्ता, असं लिहून दिलंय. देवेश म्हणतो, पाण्यातच गेले असणार, भटजींना विचारून दिवस घालू. तिथी कुठली धरायची, असं मला विचारतो.

तुझे काका गेले त्या दुपारी माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता खळत नाही. हे रडणं ज्याचं आहे त्याचे दिवस कोणत्या नावाने घालू, ते तू हानादाआजींना विचारून कळव.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी मावशी