अर्धी बाटली

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा हसरा आवाज आता आठवून आठवून आणावा लागतो. रागावलेला मात्र आपोआप येतो. ज्या विषयात तुम्ही मला अडकवून गेलात, तोच मी सोलापुरात अजून शिकवते आहे. तेव्हा नर्सिंग पुरं केलेल्या आम्हा दहाबारा जणींच्या वर्षभराच्या वरच्या वर्गाला तुम्ही तो शिकवायचात. आता तो एम.एस्सी.च्या मुलींना असतो आणि त्याला आपत्ती व्यवस्थापन असं भारदस्त नाव आहे. शिकवणारीचं ओझं नावानं काही हलकं झालेलं नाही.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला उभं केलंत. मी मंगळवेढ्याकडची, मेंढपाळाची मुलगी. बहात्तरचा दुष्काळ चाललेला. पाणी पुरत नाही तेव्हा तुझे वडील कुठल्या मेंढरांना आधी पाजतात, असं तुम्ही विचारलंत. मी वडिलांच्याच बोलीत सांगून टाकलं, "जी उटाय बगती तिला आदी पाजायचं. मान टाकलेलीपशी बसायचं न्हाय, न्हायतर दोनी जात्यात." शहरातल्या मुली तोंडाला रुमाल लावून हसल्या. तुम्ही हसला नाहीत, हे वहीत लिहून घ्या म्हणालात. मला राग मुलींचा नाही, तुमचा आला. माणसं म्हणजे काय मेंढरं?

पुढच्याच महिन्यात खडी फोडायच्या दुष्काळी कामावर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली आणि आमचा अख्खा वर्ग तुम्ही तिथल्या तंबूंमध्ये वाटलात. त्या दुपारी तुम्ही जीप घेऊन सलाईन आणायला सोलापूरला गेला आहात आणि एक तंबू माझ्यावर सोपवला आहे. बाटली एकच उरली आहे आणि बायका दोन. म्हातारीची नाडी हाताला लागत नाही. दुसरी विशीबाविशीची, हाक मारली की बघते आहे. काय करायचं ते मला पाठ आहे. पण म्हातारीची लेक माझे पाय सोडत नाही. मी तरणीला बाटली लावली, अर्धी झाली तशी काढली आणि नळी-सुई बदलून उरलेली म्हातारीला लावली. तरणीचा नवरा कडेला उकिडवा बसून सगळं बघत होता. तो म्हणाला, "का काढली ओ सिस्टर? डोळं उगडलं हुतं की हिनं."

तुम्ही परत आलात तेव्हा दोघी गेल्या होत्या. मी काय केलं ते तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "ही माया नव्हे," म्हणालात. "निवडायला घाबरलीस तू."

मी नर्सिंगच सोडून गावाकडे जाणार होते. तुम्ही अर्ज हातात घेतला नाहीत. आता हे तूच शिकवायचं, दुसऱ्या कुणाला ते असं कळलेलं नाही, एवढंच म्हणालात. शिक्षा होती की विश्वास, हे विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून दरवर्षी मी त्या तंबूत जाते आणि बाहेर पडायची वाट मला सापडत नाही. मुलींना सांगते, एका नर्सनं असं असं केलं होतं. 'मी' हा शब्द आजवर तोंडातून निघालेला नाही.

आज एका मुलीनं विचारलं, ती नर्स कोण होती मॅडम? सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर तुमचा फोटो आहे. मी म्हणाले, माझ्या बाई. सगळ्यांनी माना वळवून तुमच्याकडे पाहिलं आणि मागच्या बाकावरची एक जण चुकचुकली.

मला लाज वाटते आहे, बाई. आधी तुम्हाला सांगितलं की मग त्यांना सांगता येईल, असं वाटून लिहायला बसले. हा कागद वहीतच राहणार. उद्या पहिला तास त्याच वर्गावर आहे, आणि मी पुढचा धडा काढून ठेवला आहे, पुराचा.