नंबर माझाच लिहा

मंगळवार, जळोची

बारामतीत ब्रोकरकडे डीमॅट खातं उघडायला गेले, तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, मिस्टरांचा मोबाईल नंबर द्या." का? पगार माझा, पॅनकार्ड माझं, अन् नंबर त्यांचा? माझाच लिहायला लावला.

घरी सासरे भडकले. "शेअर घ्यावा तर साखर कारखान्याचा. दिवाळीला स्वस्तात साखर तरी मिळती. तुझ्या शेअरवर काय मिळणार?"

म्हटलं, "साखर न्हाय मिळणार, आबा. पण तुमच्या साखरेसाठी दरसाली रांगेत मीच उभी असते. कारखान्याच्या सभासद कार्डावर माझं नाव कुठं हाय?"

जास्त बोलले का मी? बोलले तर बोलले.

आत्ताच खातं सुरू झाल्याचा मेसेज आला. माझ्याच नंबरवर. उद्या एकच शेअर घेणार. बुडाला तर माझा बुडेल.