अकरावं नाव

माय, तू गेलीस तेव्हा जेवढ्या वयाची होतीस, त्याच्या कितीतरी पुढं मी आता आलेय. लातुरात आज ऊन तापलंय, माझ्या शाळेला सुट्टी आहे, घरात कुणी नाही, आणि तुझ्याशी एक बोलायचं राहून गेलंय ते आज लिहावं म्हणते. मी आठवीत असताना तुझं नाव, तुला न विचारता, एका नटीच्या फॅन क्लबात घातलं होतं. ते तुला कळलं होतंच. पण पुढं काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही.

तेव्हा आपण बिलोलीत राहायचो, बाबा तहसिलात कारकून होते. वर्गातल्या आम्हा पोरींना त्या नटीचं भलतंच वेड. एकीचा मामा नांदेडहून येताना सिनेमाचं साप्ताहिक आणायचा, त्यात छापून आलं की गावात क्लबाची शाखा काढायची तर अकरा सभासद पाहिजेत, एका घरातलं एकच. प्रत्येकीला नटीचा सही केलेला फोटो येणार, मागच्या बाजूला आपलं नाव लिहिलेलं. आम्ही दहा जणी जमलो आणि अकरावी काही मिळेना. कुणाचा बाप रागवायचा, कुणाचा भाऊ. चार दिवस मला झोप लागली नाही बघ, जणू अकरावी मिळाली नाही तर ती नटी आमच्यावरच रुसणार होती. मग मला तुझं माहेरचं नाव सुचलं. आपल्या घरात तुला नावच नव्हतं. लग्नात ठेवलेलं नाव रेशनकार्डावर होतं, पण आजी तुला सूनबाई म्हणायची, बाबा नुसतं 'ऐकलं का' म्हणायचे आणि गल्ली माझं नाव घेऊन, हिची आई म्हणून, तुला हाक मारायची. किनवटहून मामा आला की मात्र दारातूनच तुझं जुनं नाव घ्यायचा, आणि तू हातातलं टाकून 'आले रे' म्हणत पळायचीस. ते नाव, पुढं तुझ्या वडलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, असं मी यादीत लिहिलं. म्हणजे ते दुसऱ्या घरातलं वाटेल. पत्त्यात घर नंबर न घालता नुसतं मारुतीच्या देवळामागं एवढंच लिहिलं.

दोन महिन्यांनी पाकिटं आली. माझं मला शाळेतून आल्यावर मिळालं. तुझं दुसऱ्या दिवशी आलं, शनिवारी, अर्ध्या दिवसाची कचेरी म्हणून बाबा दुपारीच घरी आले होते. पोस्टमन सगळ्या गल्लीत विचारून शेवटी आपल्या दारात उभा आहे. बाबा पाकीट उलटंसुलटं करून बघतात. "न्हाई बा, अशी कुणी न्हाई आपल्याकडं. वापस करा," ते म्हणतात. बाबांना ते नाव खरंच आठवलं नाही का, की आठवून ते तसं म्हणाले, हे मला आजही ठाऊक नाही. मी खांबामागं उभी आहे. पोस्टमन पाकीट पिशवीत ठेवणार तेवढ्यात तू स्वयंपाकघरातून बाहेर येतेस, दोन्ही हातांना भाकरीचं पीठ, डोक्यावरचा पदर कोपरानं सावरत. परक्या माणसापुढं तू कधी आली नव्हतीस. "हाय की," तू म्हणालीस. "मीच हाय ती. द्या इकडं." आणि पीठ लागेल म्हणून दोन मनगटांत धरून तू ते पाकीट आत नेलंस.

बाबा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून जेवले, दुसऱ्या दिवशीही. आजीनं विचारलं, कुणाचं टपाल होतं गं? तू म्हणालीस, माझं. मला वाटलं, आता तू मला झोडपणार. पण तू नुसती चुलीपाशी बोलावलंस. "काय करून राहिलीस हे? माझं नाव कुणाच्या हाती द्यायचं तर आधी मला इचारायचं होतं," एवढंच म्हणालीस. मी रडायला लागले. तू फुंकणी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "ही बाई काम कसं करती? चांगलं करती का?" तिचा एकही सिनेमा तू पाहिला नव्हतास. फोटोकडं तू एकदाच बघितलंस. मागच्या बाजूवर मात्र बोट फिरवत राहिलीस, जिथं कुणीतरी निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात तुझं नाव लिहिलं होतं. "लई सुरेख लिव्हलंय," म्हणालीस.

आता राहिलेलं सांगते. क्लबाचं पत्रक आणि भेटकार्ड दर तीन महिन्यांनी येणार होतं. तू तारीख विचारायचीस, सहज विचारल्यासारखं, धान्य निवडता निवडता. पण शाळेत ही गोष्ट फुटली होती. पोरी मला चिडवायच्या, तुझी माय पण आरशापुढं नाचती का गं? मला लाज वाटली, माय. माझ्या स्वतःच्या आईची लाज. मी क्लबाला पत्र टाकलं की अकराव्या सभासदानं गाव सोडलं, तिचं नाव कमी करा. शाखा रद्द झाली नाही, त्यांनी दहा पाकिटं पाठवली. माझं पाकीट मी मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवलं होतं, तुला दिसू नये म्हणून. एका संध्याकाळी भाकरी थापताना तू विचारलंस, "ह्या खेपेला काही आलं न्हाई का गं आपलं?" आपलं म्हणालीस तू. मी म्हणाले, क्लब बंद पडला. "हाव का," तू म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. मैत्रिणीची आई तुला हळदीकुंकवाला भेटायची, तिच्या घरी माझी पाकिटं येत होती. तिनं तुला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर तू मला ते कधीच जाणवू दिलं नाहीस.

अकरावीला मी लातूरला शिकायला आले, तेव्हा बसस्टँडवर बाबा तिकीट काढायला गेल्यावर तू घाईघाईनं म्हणालीस, "पत्र टाकशील तर माझ्या त्या नावानं टाक. म्या घेईन दारात जाऊन." मी हो म्हणाले. आणि दर पंधरा दिवसांनी पत्र टाकलं ते बाबांच्या नावानं, खाली 'आईस नमस्कार' लिहून. का, ते नीट सांगता येत नाही. सगळ्याच मुली बाबांच्या नावानं टाकायच्या. पुढच्या वेळी टाकू, परीक्षा झाली की टाकू, असं करत दीड वर्ष गेलं. मग तुला ताप आला आणि मला न्यायला मामा आला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मामा उंबऱ्यात बसून तुझं ते नाव घेऊन मोठ्यानं रडला, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, हे कुणाचं नाव?

माझ्या लेकीनं परवा मोबाइलवर कुठल्याशा गाणाऱ्या पोरांच्या चाहत्यांचा ग्रुप धरलाय. मला दाखवत होती, हसत होती. मी सहज बोलून गेले की तुझी आजीसुद्धा एका फॅन क्लबात होती. तिला इतका आनंद झाला! खरंच? मग पुढं काय झालं, मम्मी? मी म्हणाले, काही नाही गं, क्लब बंद पडला. ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले, खरं सांगायचं असंही मनात आलं होतं. पण तिचं लक्ष पुन्हा मोबाइलकडं गेलं, आणि माय, मला हायसं वाटलं.