चंद्रीच्या दुधातला नाच

धाराशिव, ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दैवशालाआत्यांना सोनालीचा सा. न.

तुम्ही एसटीनं पाठवलेलं चंद्रीचं दूध पोचलं. चहाच्या आधी त्यातलं थेंबभर पाण्यात मिसळून कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. दुधातले लोण्याचे बारीक कण सारखे नाचत होते, थांबायचं नाव घेईनात! एम.एस्सी.चा प्रकल्प यावरच करणार. मामांचा फोन लागत नाही, म्हणून पत्र कंडक्टरकडे देते.

लोभ आहेच, त्यावर साय धरत राहो.
तुमची सोनाली

भूम, ४ फेब्रुवारी

चि. सोनालीस अ. आ.

आपल्या घरात दुधात पाणी घालणारी तूच पहिली. ते राहू दे. चुलीवर न ठेवता दूध नाचतंय म्हणजे म्हशीला नजर लागली. मीठमिरच्या उतरवल्यात. आजचं दूध पाठवलंय, ते बघ. थांबलं असलं तर सकाळच्या गाडीनं कळव, न्हायतर आमचे मालक, तुझे मामा, चंद्रीला बाजारात नेऊन विकतील. शेजारच्या बाळंतिणीला हेच दूध जातं, जोखीम कशी घ्यावी? चंद्री म्हंजे आई मेलेली वगार, म्या बोटानं दूध पाजून वाढवली. लई जीव तुटतो गं.

फोन मामांच्या खिशात, आणि मामा कुठं ते त्यांनाच ठाऊक न्हाय.

माया तेवढीच हाय, पाणी न घातलेली.
आत्या

धाराशिव, ५ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यांना सा. न.

सकाळची गाडी चुकली, माझंच चुकलं. चंद्रीला विकू नका! तुमचं कालचं दूधही नाचतंच आहे, पण मेसच्या दुधातले कणही तसेच नाचतात. पाण्याचे न दिसणारे कण त्यांना चहूकडून ढकलतात, एवढंच. नजर-बिजर काही नाही.

एका कणाची जागा थोड्या थोड्या वेळानं कागदावर टिंबं देऊन जोडली, तर रेघ वेडीवाकडी आली. मग टिंबं दाट दिली, तर आधीची प्रत्येक सरळ रेघ आतून तशीच वेडीवाकडी निघाली. मामांना विचारा, ते म्हणतील बाजारातून सरळ घरी आलो. खोदून विचारलं की त्या सरळमध्ये न्हावी निघतो, आणि न्हाव्याकडं जाताना पानटपरी.

लोभ मामांसारखा भटकू देऊ नका.
सोनाली

भूम, ६ फेब्रुवारी

चि. सोनालीस अ. आ.

तुझं पत्र काल दुपारी आलं, तवर मामा चंद्रीला घेऊन गेलेले. फोन बंद. मोकळ्या गोठ्यात बसून रडले मी.

दिवेलागणीला दोघं परत. वाटेत हरिबाचा चहा, मग विरुपाक्षची नवी विहीर बघणं, मग कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी. पोचले तर बाजार उठलेला. माझ्या तोंडाकडं न बघता खाली मान घालून उभे राहिले.

म्या त्यांना सायीचा चहा दिला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुठं होतात म्हणून विचारलं न्हाय. तवापासून ते लई घाबरलेत, घरातून हलंनात.

दुधाची किटली धुऊन धाड. लोभ चंद्रीचाही हाय.
आत्या