मागची सीट नसलेली गाडी

मु. पिंपरी, नांदगाव खंडेश्वरजवळ
रविवार, ८ ऑक्टोबर २००६

बशीर गड्या,

सलाम. रोजे कसे चालले? रईसाभाभीले अन् पोरींले नमस्कार सांग. इकडे सगळे ठीक. तुझ्या शालूवहिनीचा गुडघा दुखते तसाच दुखते, लाईन दिवसातून आठ तास राहात नाही, कापूस फुटून राहिला. झाली खुशाली.

आता कामाचं. तू पाठवलेले तिन्ही फोटो मिळाले अन् तिन्ही पाहून माझं डोकं फिरलं. मी तुले काय सांगतलं होतं? दुसरी गाडी पाहिजे, स्पोर्ट्स, दोन दरवाजे, दोन सीटा, दीड लाखाच्या आत. तू काय पाठवलं? एक मारुती, तिच्या डिक्कीवर कोणीतरी पंख बसवलेला. पंखानं गाडी पळते काय बे? मग तं मी माझ्या कुलरले चाकं लावतो. दुसरी कॉन्टेसा. ती गाडी नाही, बैठकीची खोली आहे. अन् तिसरी तुझ्या मेव्हण्याची जीप, छप्पर कापलेली, मागे समोरासमोर बाकडी. फोटोच्या मागे तू पेनानं लिहिलं, ‘सहा माणसं आरामात.’ सहा माणसं कोणाले पाहिजे?

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझ्या गॅरेजात दिवसभर पत्र्याची ठोकाठोक. मी एक बोलतो, तू भलतंच ऐकते. अन् आमचा फोन बैठकीत आहे. रविवारी तो वाजला की मी उचलत नाही, शालू उचलते.

तू म्हणशील, घरी चांगली सुमो आहे, मास्तरले दुसरी गाडी कायले? ऐक. सोमवार ते शनिवार सुमो माझ्यासोबत नांदगावले शाळेत उभी राहाते. तिथं तिचं कोणी नाव घेत नाही. रविवारी ती माझ्या दारात दिसली की ती माझी राहात नाही, गावाची होते. नवरदेव नेला. बाळंतिणी नेल्या. खो-खोची टीम नेली. सरपंचाच्या सासूले डोळ्याच्या ऑपरेशनले नेलं. मुंबईचे चॅनलवाले आले, त्यांले घरोघर फिरवलं, डिझेलचं कोणी इचारलं नाही. अन् बाकीचे. गावात दुसरी चारचाकी नाही म्हणून आठ वर्षं मी कोणाले नाही म्हणलं नाही. आता मले माझा रविवार पाहिजे. बस, एवढंच मागणं आहे.

मी डोकं लावलं आहे. शनिवारी सुमो शाळेतच ठेवायची अन् घरी दोन सीटची आणायची. रविवारी कोणी दारात आलं तं त्याले दिसतेच, जागा नाही. मले तोंड उघडावं लागत नाही, खोटं बोलावं लागत नाही. सकाळी सहाले निघून परतवाड्याच्या पुढं घाटात गाडी पळवायची. कॉलेजात असताना तुझ्या मामाच्या येझदीवर आपण पळवत होतो तशी. पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं एवढं मागू नाही काय?

तर पुन्हा लिहितो, मागे सीट नोको. नीट पाहा अन् कळव.

तुझा,
सहदेव

ता. क. ‘मागची सीट मी काढून देतो’ असं सुचवू नोको. काढलेली सीट लोक परत बसवाले लावतात.


मु. पिंपरी
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

बशीर,

दिवाळी अन् ईद चार दिवसांच्या फरकानं आली तरी तू इकडे आला नाही अन् मी तिकडे आलो नाही. भाभीच्या हातचा शीरखुर्मा हुकला, त्याचा राग वेगळा आहे.

तुझं पत्र वाचलं. एवढं मोठं पत्र तू जन्मात पहिल्यांदा लिहिलं असशील अन् त्यात गाडीचं निम्मं पान. बाकी सगळं माझ्याबद्दल. ‘वहिनीसोबत भांडण झालं काय? मागच्या सीटवर कोणाले बसू द्यायचं नाही? तू असा नव्हता.’ तुले मी गाडी पाहाले सांगतली, माझ्या घरात पाहाले नाही. असं लिहून मी पत्र पाकिटात घातलं होतं. मग परत काढलं.

सुमोच्या मागच्या सीटचं कव्हर तू दोनदा बदललं. दुसऱ्या वेळी तू नाक मुरडून इचारलं, ‘वास कायचा येऊन राहिला?’ मी म्हणलं, फवारणीचा पंप सांडला. पंप नव्हता, बशीर. आमच्याकडं माणसानं औषध घेतलं म्हणतात तेव्हा कोणतं औषध, ते तुले सांगाची गरज नाही. दोन वर्षांत नऊ जण मी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेले. पाच घरी आले. जास्त करून रविवारीच, कारण बाकी दिवस मी अन् गाडी गावात नसतो, तेव्हा लोक टेम्पो शोधतात, एसटी अडवतात.

पस्तीस किलोमीटर जाणं आहे. मागे बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते अन् सारखी त्याच्याशी बोलते, तो झोपू नये म्हणून. कापसाचं बोलते, पोरीच्या शाळेचं बोलते, म्हशीचं बोलते. मी समोरचा आरसा छताकडं वळवून ठेवतो. मले तोंड पाहाचं नसते. ऐकू तं येतेच. घरी आलो की सीट धुतो. शालू बादल्या आणून देते. मग आम्ही जेवतो. तुले हे सगळं आज पहिल्यांदा सांगून राहिलो.

गावात म्हणतात, मास्तर देवमाणूस आहे. कोणी तसं म्हणलं की मले त्याच्या थोबाडीत द्यावी वाटते. सप्टेंबरातल्या एका रविवारपासून तं जास्तच. त्या दिवशीचं मी इथं लिहीत नाही. दहावा एक होता, तो माझ्या गाडीत नव्हता. एवढंच.

आता गाडीचं. तू पत्राच्या शेवटी लिहिली ती लाल, अकोल्याच्या डॉक्टरच्या पोराची, गोव्याकडं बनलेली, दोन सीटची, कापडी टपाची. तीच. लाल तं लाल. पोट्टे मागे धावतील, धावू दे. जमिनीले टेकून चालते म्हणते, तं आमच्या फाट्यापासून गावापर्यंत मुरमाचे पाच गतिरोधक आहेत, मी तिरपी काढीन. खाली घासली तं घासली. पोराचा भाव जास्त आहे, तू खाली आण. तुझ्या जिभेले तेवढं तं येते.

१९ तारखेले एसटीनं अकोल्याले येतो.

सहदेव


नांदगाव खंडेश्वर, शाळेची स्टाफरूम
सोमवार, २७ नोव्हेंबर २००६

प्रिय बशीर,

पहिले गाडीचं लिहितो, नाहीतर ते राहून जाईल. तू त्या पोराले पंधरा दिवस चालवून पाहाच्या बोलीवर पटवलं अन् चावी माझ्या हातात दिली, त्याचे उपकार आहेत. अकोल्याहून येताना मूर्तिजापूर सोडलं अन् टप उघडला. बडनेऱ्यापर्यंत मी एकटा हसत आलो. ट्रकवाले वरून वाकून पाहात होते. गाडी वळणावर हातात राहाते, तू म्हणला होता तसंच. आठवडाभर शाळेत नेली. हेडमास्तरांनी दोनदा आत बसून पाहिलं.

आता ते सप्टेंबरचं.

१० तारीख. आमच्या लग्नाले वीस वर्षं झाली होती अन् शालूले चिखलदऱ्याले न्यायचं ठरलं होतं. तिनं डबा भरला अन् आंघोळीले गेली. तेवढ्यात आशाबाई दारात आली. आमच्या मागच्या गल्लीतल्या नत्थुजीची बायको. तिच्या पायात चप्पल नव्हती. तिनं सांगाच्या आधी मले कळलं. मी म्हणलं, ‘सुमो बंद आहे. बॅटरी उतरली.’

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती, बशीर.

तिनं एकदा सुमोकडं पाहिलं अन् पळाली. किराणावाल्या गोवर्धननं त्याची मोटारसायकल काढली. नत्थुजीले मध्ये बसवलं, मागून आशाबाईनं धरलं, अन् लुगड्यानं तिघांले एकत्र बांधून पस्तीस किलोमीटर नेलं. तासाभरानं मी अन् शालू निघालो. मी खरंच गेलो. देवी पॉइंटवर फोटो काढले, डबा खाल्ला. संध्याकाळी घरी आल्यावर शालूले गल्लीत समजलं. तिनं माझ्याकडं पाहिलं अन् काही इचारलं नाही.

नत्थुजी वाचला. बारा दिवसांनी घरी आला. अन् त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाले माझ्या दारात उभा. ‘मास्तर, गाडी चालू करून पाहा. मी धक्का देतो.’ सुमो पहिल्या चावीत चालू झाली. त्यानं मान हलवली अन् घरी गेला. पुढच्या रविवारी पुन्हा. तेव्हापासून एकही रविवार चुकवला नाही. वाळून काडी झालेला माणूस, शर्ट खांद्यावरून उतरते, अन् तो सुमोच्या मागे दोन्ही हात टेकवून उभा राहाते. ‘बंद पडाले नाही पाहिजे मास्तर, कोणाच्याही कामी पडते.’ मले वाटलं, ह्याले काही माहीत नाही. बिचारा बंद गाडीपायी मरता मरता राहिला, दुसऱ्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून येते. मले ते सहन होईना. तुले दोन महिने मी जो त्रास दिला, फोटो परत केले, शिव्या घातल्या, तो ह्या एका माणसापासून पळासाठी. रविवारी साडेसहाच्या आत मले घराबाहेर पडणं होतं. अन् नाही पडता आलं तं दारात अशी गाडी पाहिजे होती की जिच्यासाठी खोटं बोलावं लागणार नाही.

काल तो आला. मी निघता निघता सापडलो.

‘सुमो?’
‘शाळेत ठेवली.’
‘बंद आहे?’
‘नाही. चांगली चालू आहे.’

तो लाल गाडीभोवती फिरला. काचेतून आत वाकून पाहिलं. ‘मांगं माणूस कुठं बसते?’

‘मांगं नाही, नत्थुजी. दोघांचीच आहे.’ हे वाक्य बोलासाठीच मी गाडी आणली होती. बोलून झालं अन् मले लाज वाटली.

तो दार उघडून आत बसला. ‘दाखवा पळवून.’

पाचही गतिरोधकांवर गाडी खाली घासली. फाट्यावरून यवतमाळ रोडले लागलो अन् मी पाय दाबला. त्यानं टोपी काढून मांडीखाली धरली. नव्वदवर गाडी गेली तेव्हा तो हसला. ह्या आधी मी नेलेला प्रत्येक जण माझ्या पाठीमागे होता. हा हातभरावर, शेजारी. इथं आरसा कुठं वळवू? गळ्याची शीर उडत होती ती दिसली, डोळ्यांतून वाऱ्यानं पाणी येत होतं ते दिसलं. मी निंबाखाली गाडी थांबवली.

‘नत्थुजी, त्या दिवशी बॅटरी उतरली नव्हती.’

‘माहीत आहे.’

तो समोर रस्त्याकडं पाहात होता. ‘आशा दवाखान्याच्या फाटकापाशी चहा घ्याले आली होती. तुमची गाडी समोरून गेली. वहिनी खिडकीत होत्या. मले शुद्ध आली तेव्हा तिनं सांगतलं.’

मी इचारलं, ‘मंग तुमी दर रविवारी काहून येता?’

‘तुमी अजून कोणाले तसं म्हणू नाई, म्हणून येतो.’

रागानं नाही म्हणला. कापूस किती झाला, पाणी कधी सोडायचं, असं सांगतात तसं म्हणला. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली अन् म्हणला, चाला, वेचणीवाल्या बाया येऊन बसल्या असतील.

माफ केलं असं तो म्हणला नाही. मी मागितलीही नाही. मागाची हिंमत झाली नाही.

तर बशीर, लाल गाडी शनिवारी सकाळची शाळा झाली की आणून देतो. गाडी चांगली आहे, मले मनापासून आवडली, हे त्या पोराले सांग. त्याच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक तूच पाहा. तू म्हणशील, रविवारी ये, जेवून जाय. नाही. शनिवारीच देऊन संध्याकाळच्या एसटीनं परत निघतो, नांदगावहून सुमो घेतो अन् घरी जातो. रविवारी साडेसहाले नत्थुजी येते. मी दारात पाहिजे.

काल दुपारी शालूले सगळं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, ‘हे आशाबाईले सांगतलं काय?’

नाही सांगतलं. तिच्या नवऱ्याले सांगतलं, माझ्या बायकोले सांगतलं, आता तुले लिहून राहिलो. अन् खोटं बोललो होतो ते तिच्यापाशी. ती अनवाणी उभी होती अन् मी तिच्या तोंडावर बोललो होतो. तिच्यासमोर काय बोलू, मले अजून सुचलं नाही. शाळा सुटली की जाणार आहे. त्याच्या आधी हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे जाणं टाळता येणार नाही. तू मले इचारशीलच.

इचार.

सहदेव